सक्ती नसलेलं पाण्याचं लेबल सोसायटीच्या कामाचं आहे का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यातल्या उंड्रीतली १२० फ्लॅटची सोसायटी, फेब्रुवारी उजाडला की टँकर सुरू, कमिटीला जुने नळ आणि फ्लश बदलायचेत, दुकानात प्रत्येकजण म्हणतो आमचा माल पाणी वाचवतो, कुणी पॅकिंगवरचे तारे दाखवतो, पण सरकारची सक्ती कशाचीच नाही. मग जे लेबल कंपनीने मनात आलं तर लावायचं आणि नाही आलं तर नाही, त्याच्या भरवशावर सोसायटीचे पैसे लावायचे का, आणि लावले तर टँकर खरंच कमी होतात का.

माझं काम प्लंबिंग डिझाइनचं, नव्या बिल्डिंगच्या लाइनी काढतो आणि जुन्या सोसायट्यांना पाण्याचा हिशोब करून देतो, तर या अनुभवावरून उत्तर देतो. हो, लावा पैसे. पण लेबल बघून माल आणला आणि मिस्त्रीच्या हातात दिला एवढ्यावर काम होणार नाही. सक्ती नसलेलं लेबल जगात जिथे जिथे चाललं तिथे दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे लेबल फक्त कमी पाण्याची नाही तर काम नीट होण्याचीही हमी देत होतं, आणि दुसरी म्हणजे कंपनी, दुकानदार, प्लंबर आणि पाण्याचं बिल भरणारा हे चौघंही त्यात सामील होते. यातला एक जरी बाहेर राहिला तर पाणी वाचत नाही, उलट लोक वैतागून जुनं परत बसवतात.

अमेरिकेची गोष्ट सांगतो कारण ती आपल्या फार कामाची आहे. तिथे १९९२ ला कायदा झाला आणि १९९४ पासून घरगुती कमोडला एका फ्लशमागे ६ लिटरची मर्यादा आली, आधीचे १३ लिटरचे आणि त्याहून जास्तीचेही होते. कंपन्यांनी काय केलं तर बऱ्याच जणांनी जुनंच पॅन ठेवून टाकीतलं पाणी तेवढं कमी केलं. एका फ्लशमध्ये साफ होईना, लोक दोनदा ओढायला लागले, काहींनी तर कॅनडातून जुन्या पद्धतीचे कमोड आणले. म्हणजे कायदा होता, सक्ती होती, तरी लोकांचा विश्वास गेला. मग तिथल्या आणि कॅनडातल्या पाणीपुरवठा संस्थांनी मिळून २००३ च्या सुमारास मॅप नावाची चाचणी काढली, त्यात सोयाबीनच्या पेस्टचे तुकडे पॅनमध्ये टाकायचे आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातं ते मोजायचं. निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवले. कोणतं मॉडेल नुसतं पाणी कमी घेतं आणि कोणतं खरंच साफ करतं हे पहिल्यांदा गिऱ्हाइकाला कळलं, आणि कंपन्यांनी पॅनचा आकार, ट्रॅपची म्हणजे कमोडच्या आतल्या वाकड्या वाटेची वळणं, पाणी सोडण्याची पद्धत हे सगळं नव्याने करायला घेतलं.

याच पायावर २००६ मध्ये त्यांच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, वॉटरसेन्स नावाचं लेबल आणलं. पूर्ण ऐच्छिक. अट अशी की माल नेहमीच्या मर्यादेपेक्षा साधारण २० टक्के तरी कमी पाणी घेणारा हवा आणि काम तेवढंच किंवा जास्त चांगलं करणारा हवा. कमोडला ६ ऐवजी ४.८ लिटर, आणि तेवढ्या पाण्यात ३५० ग्रॅम पेस्ट एका फ्लशमध्ये गेलाच पाहिजे. वॉश बेसिनच्या नळाला मिनिटाला ८.३ लिटरच्या जागी ५.७, शॉवरला ९.५ च्या जागी ७.६. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती खालची मर्यादा. बेसिनच्या नळातून प्रेशर कमी असतानाही मिनिटाला ३ लिटर तरी आलेच पाहिजेत, नाहीतर लेबल नाही. शॉवरच्या तर पाण्याचा मारा आणि पसारा दोन्ही तपासतात. कंपनीने स्वतःच शिक्का मारायचा नाही, बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा. आणि बघा, किचनच्या नळाला त्यांनी हे लेबल ठेवलेलंच नाही, कारण तिथे लोक भांडी भरतात, नळ बारीक केला तर भांडं उशिरा भरतं, पाणी तेवढंच लागतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, आपल्या बादलीपाशी परत येतो.

ईपीए कुणाला पैसे देत नाही. कंपन्या, दुकानदार, बिल्डर, गावोगावच्या पाणीपुरवठा संस्था यांच्याशी भागीदारीचे करार होतात, आणि पाणीपुरवठा संस्था आपल्या गिऱ्हाइकाला सांगतात की या लेबलचा कमोड घेतलात तर आम्ही सूट देऊ. त्यांना हे परवडतं कारण नवीन धरण, नवीन प्रक्रिया केंद्र बांधण्यापेक्षा कमोड बदलून देणं स्वस्त पडतं. न्यूयॉर्कने तर लेबल येण्याच्याही आधी, १९९४ ते १९९७ मध्ये, सूट देऊन सुमारे १३ लाख जुने कमोड बदलून घेतले. सूट कुणाला द्यायची हे ठरवायला एक खूण लागते, लेबल ती खूण झालं, आणि सूट मिळते म्हणून कंपन्या लेबलसाठी रांगेत उभ्या राहिल्या. ऐच्छिक असूनही चाललं ते असं.

बाकी देशांचं पटकन सांगतो. सिंगापूरने २००६ मध्येच ऐच्छिक लेबल सुरू केलं आणि २००९ ला नळ, ड्युअल फ्लश (मोठं आणि छोटं अशी दोन बटणं असलेली टाकी) यांना सक्तीचं केलं. ऑस्ट्रेलियात २००६ पासून सक्तीच आहे. आपल्याकडे विजेच्या उपकरणांवरचे तारेही २००६ ला आले, आधी ऐच्छिक होते, २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट फ्री फ्रिज वगैरेला सक्ती झाली. म्हणजे ऐच्छिक लेबल ही बऱ्याचदा पहिली पायरी असते, त्या काळात चाचण्या कशा करायच्या, लॅब किती लागतात, माल खोटा निघाला तर काय, हे सगळं सुरळीत होतं. आज आपल्याकडे एसी घेताना आजीसुद्धा विचारते किती स्टारचा आहे, नळ घेताना कुणी विचारत नाही.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे कागदावर बरंच तयार आहे. बीआयएसने, म्हणजे मालाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये आयएस १७६५० हे मानक काढलंय, भाग १ मध्ये कमोड, टाकी वगैरे सॅनिटरीवेअर आणि भाग २ मध्ये नळ, शॉवर वगैरे फिटिंग, त्यात किती पाणी घेतो त्यावरून तारे देतात. २०२२ मध्ये केंद्राने कमी पाण्याच्या नळ-फ्लशचा प्रचार करायला भारत टॅप नावाचा उपक्रम जाहीर केला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय जल मिशनखाली पाण्याच्या कार्यक्षम वापरासाठी वेगळा ब्युरोही केला. आयजीबीसी आणि गृहसारख्या ग्रीन बिल्डिंगच्या रेटिंगमध्ये कमी पाण्याच्या फिटिंगला गुण आहेत. आयजीबीसीचा बेसलाइन, म्हणजे तुलनेचा मूळ आकडा माहीत असू द्या, दुकानात उपयोगी पडतो: फ्लशला ६ आणि ३ लिटर, नळाला आणि जेटला मिनिटाला ६ लिटर, शॉवरला १०, आणि हे सगळं ३ बार प्रेशरला (बार हे प्रेशर मोजायचं माप).

मग अडतं कुठे? अडतं ते बिलापाशी. पुण्यात बहुतेक घरांची पाणीपट्टी मिळकतकरातून जाते, तुम्ही ४०० लिटर वापरा नाहीतर १२०० लिटर वापरा, पावतीवर फरक नाही. समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसलेत बऱ्याच ठिकाणी, पण वापर बघून घरगुती बिल आल्याशिवाय पेठेतला किंवा कोथरूडचा माणूस लेबल का बघेल? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातूनच शहर आणि त्यातूनच दौंड-इंदापूरची शेती, दर उन्हाळ्यात त्यावरून ओढाताण, पण नळाखाली उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही.

तुमचं तसं नाहीये. उंड्री २०१७ ला ११ गावांबरोबर पालिकेत आली, २०२१ ला आणखी २३ गावं आली, या सगळ्या पट्ट्यात पाईपलाइन मागून येतेय आणि तोपर्यंत सोसायट्या टँकर विकत घेतायत. म्हणजे पाण्याची किंमत तुम्हाला दर महिन्याला रुपयात दिसते. म्हणून मला नेहमी वाटतं की पुण्यात या लेबलची सुरुवात वाघोली, उंड्री, पिसोळी, बावधन, वाकडपासून व्हावी, डेक्कनपासून नको. फक्त एक अडचण तुमच्याकडेही आहे, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांना सारखा वाटला जातो, त्यामुळे एकट्या फ्लॅटवाल्याने स्वतःच्या खिशातून फ्लश बदलला तर फायदा १२० जणांत वाटला जाणार. म्हणून हे काम घराघरावर सोडू नका, कमिटीने ठराव करून सोसायटीच्या खर्चाने करावं, हे माझं ठाम मत.

आता हिशोब. जुन्या टाकीचा फ्लश १० लिटरचा धरा. चार माणसांचं घर, माणशी दिवसाला पाच वेळा, म्हणजे २० फ्लश, २०० लिटर. ड्युअल फ्लश ६ आणि ३ चा बसवला, माणशी एकदा मोठं बटण आणि चारदा छोटं, तर १८ लिटर माणशी, घराला ७२. वाचले १२८ लिटर. १२० फ्लॅटना गुणा, १५,३६० लिटर रोज. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला दीड टँकर, फक्त फ्लशमध्ये. आता लोक दिवसभर ऑफिसला असतात, काही फ्लॅट बंद असतात, काही जण छोटं बटण दाबतच नाहीत, म्हणून अर्धाच आकडा धरा, तरी रोजचा पाऊण टँकर गेला. घरात पाणी वाचवायचं तर सगळ्यात आधी हात फ्लशला घाला, नळ नंतर.

पण इथेच सोसायट्या फसतात. खर्च वाचवायला जुनं पॅन तसंच ठेवतात आणि टाकी तेवढी नवीन ६-३ ची लावतात. जुनं पॅन १० लिटरच्या लोंढ्यासाठी बनवलेलं असतं, त्याचा ट्रॅप मोठा, पाण्याची पातळी वेगळी, ते ६ लिटरमध्ये साफ होत नाही आणि ३ मध्ये तर नाहीच, मग लोक दोनदा दाबतात, म्हणजे १२ लिटर. अमेरिकेत ९४ नंतर जे झालं तेच. लेबल असलेल्या कमोडमध्ये पॅन आणि टाकी ही जोडी म्हणून तपासलेली असते, जोडी तोडली की लेबलला अर्थ राहत नाही. तुमची बिल्डिंग २००८-१० नंतरची असेल तर पॅन बहुधा ६ लिटरचंच असेल, मागच्या बाजूला किंवा पॅनच्या आत छापलेलं असतं, न दिसल्यास कंपनीच्या मॉडेल नंबरवरून काढता येतं. तसं असेल तर पॅनला हात लावू नका, आतली फ्लश यंत्रणाच बदलून भागेल. आणि कुणी टाकीत वीट टाका म्हणालं तर अजिबात टाकू नका, वीट झिजते, तिची रेती सीलमध्ये जाऊन बसते आणि टाकी रात्रंदिवस गळत राहते.

ड्रेनेजची भीती काही जण घालतात की कमी पाण्याने लाइन चोक होईल. फ्लॅटमध्ये कमोडपासून डक्टमधला उभा पाईप दोन-चार फुटांवर असतो, तिथे काही प्रश्न येत नाही. बंगल्यात चेंबरपर्यंत लांबलचक आडवी लाइन आणि उतार कमी असेल तर मात्र ४ लिटरच्या खाली जाऊ नये.

नळाकडे येऊ. नळावरच्या लेबलचा आकडा प्रेशरशिवाय वाचायचा नाही, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनाही परत परत सांगावं लागतं. साधारण १० मीटर उंचीला १ बार. तुमची बिल्डिंग ११ मजली धरली तर टेरेसच्या टाकीतून खालच्या मजल्याला ३ बारच्या वर प्रेशर मिळतं आणि सगळ्यात वरच्या फ्लॅटला जेमतेम ०.३. पाण्याचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने बदलतो, म्हणजे प्रेशर दहापट कमी झालं तर प्रवाह साधारण एक तृतीयांशावर येतो. पॅकिंगवर ६ लिटर लिहिलेला नळ खाली ६ देईल आणि वरच्या मजल्यावर २ सुद्धा देणार नाही. वरच्या मजल्यावरचे लोक पहिल्याच आठवड्यात नळाच्या तोंडाची जाळी काढून फेकतात आणि सगळ्या सोसायटीत सांगत सुटतात की हे वॉटर सेव्हिंग प्रकरण बोगस आहे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही जाळी काढली असती.

या जाळीलाच एरिएटर म्हणतात आणि ते दोन प्रकारचे असतात. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या जाळीत नुसतं बारीक भोक असतं, प्रेशर कमी झालं की धार मरते. दुसऱ्यात आत एक रबरी रिंग असते, प्रेशर वाढलं की ती दबून वाट बारीक करते आणि कमी झालं की मोकळी करते, त्यामुळे १ बारच्या वर कुठेही प्रवाह जवळपास सारखा मिळतो. हे थोडं महाग असतं पण घ्यायचं ते हेच, मागताना प्रेशर कॉम्पेन्सेटिंग असं स्पष्ट सांगा. आणि वरचे दोन मजले सोडून द्या, तिथे मुळातच प्रेशर पाणी वाचवतंय. खालच्या चार-पाच मजल्यांना उलटं, तिथे टेरेसच्या टाकीतून खाली येणाऱ्या डाऊनटेक लाइनवर पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवून प्रेशर दोन-अडीच बारवर आणलं तर एकही नळ न बदलता वापर कमी होतो, शिवाय अँगल कॉक आणि कनेक्शन पाईप फुटायचं प्रमाण घटतं. हे कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं.

बादलीचं बोलतो म्हणालो होतो. आपल्याकडे अजून निम्म्याहून जास्त घरांत बादलीने आंघोळ होते, निदान मी ज्या सोसायट्या बघतो तिथे तरी. २० लिटरची बादली मिनिटाला १५ लिटरच्या नळाने भरा की ५ लिटरच्या, पाणी २० लिटरच लागणार, दुसऱ्या वेळी फक्त चार मिनिटं थांबावं लागणार आणि सकाळी शाळेच्या गडबडीत घरातल्या बाई तुम्हाला नावं ठेवणार. म्हणून बाथरूममधल्या बादलीच्या नळाला, बाल्कनीतल्या नळाला, वॉशिंग मशीनच्या नळाला काही लावू नका. लावायचं ते वॉश बेसिनला, तिथे ३ ते ४ लिटर भरपूर झाले, दात घासताना आणि दाढी करताना सगळं वाहत्या पाण्यावर चालतं. किचनला दोन धारा असणारं घ्या, भांडी विसळायला फवारा आणि कुकर-पातेलं भरायला सरळ धार. बेसिनच्या नळातून आता मिनिटाला १० लिटर येत असतील आणि घरातले सगळे मिळून दिवसाला १० मिनिटं तो चालू ठेवत असतील, तर ४ लिटरच्या एरिएटरने रोज ६० लिटर वाचतात, आणि ही वस्तू शे-दीडशे रुपयांची आहे.

मोजायला काही लागत नाही, एक लिटरची बाटली आणि मोबाईलचं घड्याळ. बाटली ६ सेकंदांत भरली तर मिनिटाला १०, दहा सेकंदांत भरली तर ६, पंधरा सेकंदांत भरली तर ४ लिटर. प्रत्येक मजल्यावरचा एक नळ मोजा, तासाभरात तुमच्या बिल्डिंगचा नकाशा हातात येतो आणि कुठे कोणतं एरिएटर लागणार ते ठरवता येतं.

शॉवरला एक सावधगिरी. पाईपगॅस आल्यापासून बऱ्याच घरांत गॅस गीझर आहेत, आणि गॅस गीझर पेटायला पाण्याचा ठराविक प्रवाह लागतो, तो मिळाला नाही तर गीझर पेटतच नाही किंवा आंघोळ चालू असताना विझतो. अशा घरात फार कमी पाण्याचा शॉवर नको, ७ ते ८ लिटरचा ठीक. स्टोरेज गीझर असेल तर हा प्रश्न नाही, उलट गरम पाणी कमी लागल्यामुळे विजेचं बिलही उतरतं. सोलरवाल्यांकडे वेगळंच, टेरेसपासून गरम पाणी खाली येईपर्यंत लाइनमधलं गार पाणी वाहून जातं, त्याला बादली लावा, लेबल त्यात काही करू शकत नाही.

तुमच्याकडचं टँकरचं आणि बोअरचं पाणी जड असणार. धरणाचं पाणी हलकं, त्यात जाळ्या वर्षानुवर्षं टिकतात, पण बोअरच्या पाण्यात दोन-तीन महिन्यांत क्षार धरतात, धार वाकडी येते आणि लोक वस्तूलाच दोष देतात. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात ठेवली की साफ होते. हे काम वॉचमनकाका किंवा सोसायटीच्या प्लंबरने तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक घरी जाऊन करायचं असं कंत्राटातच लिहा, नाहीतर वर्षभरात निम्म्या जाळ्या कचऱ्यात दिसतील.

आणि आता प्लंबर. माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच आहे आणि त्यालाच कुणी विचारत नाही. नळ बिघडला की घरमालक म्हणतो, दादा तुम्हीच आणा काहीतरी चांगलं, आणि प्लंबर बोहरी आळीत जाऊन त्याला माहीत असलेला, त्याच्याकडे वायसर मिळतो असा नळ घेऊन येतो. म्हणजे लेबल वाचायचं ते त्याने. त्याला लेबल म्हणजे काय, ड्युअल फ्लशची पातळी कशी सेट करायची, मोठ्या आणि छोट्या बटणाचं पाणी कसं वेगवेगळं लावायचं हे शिकवलं नाही तर ६-३ चा फ्लश तो ९-६ वर ठेवून जातो, कारण त्याला तक्रार नको असते. इंडियन प्लंबिंग असोसिएशनचं पुण्यात काम आहे, औंधच्या आयटीआयसारख्या ठिकाणी मुलं घडतात, कंपन्याही आपापले मेळावे घेतात. कंपनीला सांगा, माल आम्ही तुमचा घेतो पण आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या प्लंबरना अर्धा दिवस इथेच प्रत्यक्ष बसवून शिकवा. १२० फ्लॅटच्या ऑर्डरला कंपन्या हे करतात.

तुमची भागीदारी अशी बांधा. आजूबाजूच्या टँकरवाल्या तीन-चार सोसायट्या एकत्र घ्या, एकत्र ऑर्डर म्हटलं की भाव वेगळा मिळतो. दुकानदार स्थानिकच ठेवा कारण सुटे भाग त्याच्याकडूनच घ्यावे लागणार. आधी सगळीकडे बसवू नका, वरचा, मधला आणि खालचा असे सहा फ्लॅट निवडा, त्यात एखादं आजी-आजोबांचं घर असू द्या आणि एखादं लहान मुलांचं, महिनाभर वापरू द्या आणि काय आवडलं नाही ते विचारा. आणि त्याच्या आधी, काम सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी, टँकरच्या इनलेटवर आणि टेरेसकडे जाणाऱ्या पंपाच्या लाइनवर मीटर बसवून रोजचं वाचन वहीत लिहायला लागा. आकडा हातात नसेल तर नंतरच्या एजीएममध्ये कुणीतरी उठून म्हणणारच की पावसाळा आला म्हणून टँकर कमी झाले.

पालिकेलाही यात ओढता येईल. पावसाचं पाणी जिरवणं, सोलर, गांडूळखत यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट पुण्यात आहेच. यात तारे असलेल्या नळ-फ्लशची भर घाला असं निवेदन चार सोसायट्यांनी आपल्या मीटरच्या आकड्यांसकट दिलं तर त्याला वजन येईल. सूट कशावर द्यायची याची खूण आयएस १७६५० ने तयार करून ठेवलीये, ती वापरणारा कुणीतरी पाहिजे.

आरओचं एका वाक्यात सांगतो, धरणाचं पाणी येत असेल तेव्हा आरओची गरजच नसते, साधा युव्ही फिल्टर पुरे, कारण घरगुती आरओ जेवढं पाणी देतो त्याच्या कितीतरी पट सांडतो, आणि बोअरच्या पाण्यासाठी ठेवावाच लागला तर त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. वॉशिंग मशीन नवीन घेणार असाल तर फ्रंट लोडिंग घ्या, पाणी जवळपास निम्म्यावर येतं.

नवा माल घ्यायच्या आधी गळती मात्र शोधाच. रात्री झोपताना प्रत्येक घराने फ्लशच्या टाकीत थोडी कपड्यांची नीळ टाकायची, फ्लश न करता अर्ध्या तासाने पॅनमध्ये बघायचं, निळं पाणी उतरलेलं दिसलं तर सील गेलंय. एका रविवारी सगळ्या बिल्डिंगने मिळून हे केलं तर फार छान होतं, मुलांना यादी करायला द्या, ती मोठ्यांपेक्षा नीट करतात. अमेरिकेतही वॉटरसेन्सवाले दर मार्चमध्ये गळतीचा आठवडा पाळतात. ज्या टाक्या गळतायत त्यांचे फ्लॅट बदलायच्या यादीत सगळ्यात वर ठेवा.

ऑर्डर देताना कागदावर या गोष्टी लिहून घ्या: आयएस १७६५० प्रमाणे किती तारे आणि त्याचं प्रमाणपत्र कोणत्या मॉडेलचं (कंपनीचं सरसकट प्रमाणपत्र चालणार नाही, मॉडेल नंबर जुळला पाहिजे), प्रवाह कोणत्या प्रेशरला मोजलाय, १ बारच्या खाली किती येतं, पॅन आणि टाकी जोडी म्हणून तपासलीये का, आणि फ्लशचं सील, फ्लोट व्हॉल्व्ह, एरिएटरची रबरी रिंग हे सुटे भाग पुढची पाच वर्षं पुण्यात कुठल्या दुकानात आणि काय भावाने मिळणार. शेवटच्या प्रश्नाला जी कंपनी गुळमुळीत उत्तर देईल तिचे तारे कितीही असोत, घेऊ नका, कारण तिचं सील गेलं की तुमचा प्लंबर टाकीच काढून बाजारात मिळेल ती दुसरी बसवणार.